पडद्यावरचा मुसलमान आणि शेजारचा माणूस

(चित्र व चित्रपटांच्या आधारे पूर्वग्रहाचा एक अभ्यास)

तथागत भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश आपल्या समाजात बहुतेकांना ठाऊक आहे. एखादी गोष्ट ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आली म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून खरी मानू नका. स्वतः तपासून पाहा, असा त्याचा आशय आहे. हा उपदेश आपण देव, दैव, नवस, मुहूर्त यांना लावतो आणि ते योग्यच आहे. परंतु माणसांविषयीच्या मतांना तो आपण किती वेळा लावतो? "अमुक लोक असेच असतात" हे वाक्यसुद्धा ऐकीवच असते. तेही तपासले पाहिजे.

प्रस्तुत लेखात आम्ही मुस्लिम समाजाविषयीच्या पूर्वग्रहाचा विचार चित्र आणि चित्रपट यांच्या मदतीने करणार आहोत. विषय मुद्दाम निवडला आहे. पूर्वी अफवा पसरायला एक बाजार ते दुसरा बाजार असा आठवडा लागे. आज ती भ्रमणध्वनीवर क्षणात घरोघर पोहोचते. अमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्यांना खोली भाड्याने देऊ नका, असे निरोप आपल्या मुलांच्या हातातही येतात. ते पुढे पाठवायचे की थांबवायचे, हा निर्णय त्या क्षणी त्या मुलाला एकट्यानेच घ्यावा लागतो. त्या निर्णयाची तयारी विहारातल्या अभ्यासवर्गात करता येईल काय, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे ११.५ टक्के आणि बौद्ध सुमारे ५.८ टक्के आहेत. म्हणजे राज्यातील साधारण दर सहा माणसांमागे एक जण या दोनपैकी एका समाजाचा आहे. या दोघांनी एकमेकांना ऐकीव माहितीवर ओळखावे, हे दोघांच्याही हिताचे नाही.

पूर्वग्रह कसा तयार होतो?

मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात मनाच्या व्यापाराचा क्रम सांगितला आहे. इंद्रियांचा विषयाशी स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव होते, मग संज्ञा म्हणजे ओळख पटते, त्यावर वितर्क चालतो आणि वितर्काचा पसारा वाढून प्रपंच होतो. हा प्रपंचच माणसाला कलहाकडे नेतो.

पूर्वग्रहात हा क्रम उलटा होतो असे आम्हास वाटते. तेथे प्रत्यक्ष भेट झालेलीच नसते. संज्ञा दुसऱ्याकडून आयती मिळते आणि प्रपंच तिथूनच सुरू होतो. शेवटी कधी भेट झालीच, तर आपण माणसाला भेटत नाही, मनातल्या पसाऱ्यालाच भेटतो. नाव कळले की माणूस कळला, असे आपण धरून चालतो.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. नागपूरला शिकायला जाणाऱ्या मुलाला खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले जाते, त्या वेळी त्याच्यापुढे हाच पसारा उभा असतो. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात जागा मिळेना. पारशांच्या वसतिगृहात पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. विद्वत्ता तीच होती, माणूसही तोच होता. फक्त नाव कळले.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी दोन ब्राह्मण तरुणांना या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांच्यात जातीजातीच्या वेगळ्या खुणा असतात. माणसांत तशी खूण शोधून सापडत नाही. माणसामाणसांतला भेद हा व्यवहारातल्या नावांचा भेद आहे, असा त्याचा आशय आहे. आपण हे सुत्त ब्राह्मण्याच्या विरोधात नेहमी सांगतो. ते आपल्या स्वतःच्या नजरेलाही लावायचे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पडद्यावरचे तीन मुखवटे

आपला भाग झाडीपट्टीच्या नाटकांचा. धानाची कापणी आटोपली की रात्र रात्र नाटक बघणाऱ्या आपल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. पात्र रंगमंचावर आले की त्याच्या वेशावरून आणि चालीवरून तो कोण हे प्रेक्षक ओळखतो. खलनायकाने तोंड उघडण्याची गरज नसते. नाटकाच्या सोयीसाठी हे ठीक आहे. पण एखाद्या संपूर्ण समाजाला वर्षानुवर्षे दोन-तीनच वेश दिले, तर प्रेक्षक त्या वेशालाच समाज समजू लागतो.

हिंदी चित्रपटात मुस्लिम पात्रांचे तसेच झाले. पहिला मुखवटा नवाबाचा आणि तवायफेचा. 'चौदहवी का चांद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) या चित्रपटांतील गाणी आजही गोड लागतात. पण त्यात हवेल्या, झुंबरे, शेरोशायरी आणि मुजरा आहे. पोटासाठी राबणारा मुसलमान क्वचितच आहे. दुसरा मुखवटा भल्या माणसाचा. 'जंजीर' (१९७३) मधला शेरखान दोस्तीसाठी जीव टाकतो, 'शोले' (१९७५) मधला इमामसाहेब मुलगा गमावूनही गावाच्या पाठीशी उभा राहतो. ही पात्रे चांगली आहेत, परंतु ती नायकाच्या गोष्टीला हातभार लावण्यापुरती येतात. त्यांना फक्त चांगलेच असावे लागते. तिसरा मुखवटा टोळीवाल्याचा आणि अतिरेक्याचा. १९९० नंतर हा मुखवटा फार वाढला. 'रोजा' (१९९२) पासून पुढे दाढी, नमाज आणि बंदूक एकाच चौकटीत दाखवण्याची सवयच पडली.

या तिन्ही मुखवट्यांत एक माणूस हरवला आहे. आपल्या भागातील आठवडी बाजारात बांगड्या भरणारा मन्यार, गाद्या पिंजून देणारा पिंजारी, हमरस्त्यावर ट्रकचे टायर काढणारा मुलगा, विड्या वळणारी बाई, शिलाई यंत्रावर वाकलेला शिंपी, पंचायत समितीतला कर्मचारी. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत मुस्लिम समाजातल्या अशा कितीतरी व्यावसायिक जमाती आहेत. म्हणजे तो समाजही एकजिनसी नाही. त्यातही वर आणि खाली आहे. पण हा कष्टकरी पडद्यावर नाही, म्हणून मनातही नाही.

आपल्यालाही हा अनुभव आहे. मराठी-हिंदी चित्रपटात आपला माणूस कितीतरी वर्षे एक तर दिसतच नव्हता, नाहीतर हात जोडून उभा असलेला, कोणीतरी उद्धार करील याची वाट पाहणारा असा दिसे. 'फँड्री' (२०१३) मध्ये नागराज मंजुळे यांनी जब्याला स्वतःची इच्छा, स्वतःची लाज आणि स्वतःचा राग दिला, तेव्हा तो चित्रपट आपल्याला का भिडला? त्यात मुखवटा नव्हता, माणूस होता. मग दुसऱ्या समाजाचे चित्रपट बघतानाही हाच निकष लावला पाहिजे.

पाठ पहिला : 'शेजारी' (१९४१)

मराठीत या विषयाचा पहिला मोठा धडा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने दिला. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'शेजारी' हा चित्रपट १९४१ साली आला; हिंदीत त्याचे नाव 'पडोसी' होते. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात एक हिंदू आणि एक मुस्लिम वृद्ध एकमेकांचे जिवलग शेजारी आहेत. धरण बांधू पाहणारा एक धनिक गावात येतो. गावाचा विरोध मोडायचा तर ही दोस्ती मोडली पाहिजे, हे तो ओळखतो. तो दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते त्या वेळी दोघे मित्र पुन्हा एकत्र येतात आणि एकमेकांचा हात धरूनच मरण पत्करतात.

हा चित्रपट आला त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये, लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांच्या मागणीचा ठराव केला होता. देशातले वातावरण तापलेले होते. अशा वेळी शांतारामांनी पात्रयोजनेत एक विचारपूर्वक गोष्ट केली. हिंदी आवृत्तीत मजहर खान या मुस्लिम नटाला त्यांनी हिंदू शेजाऱ्याची भूमिका दिली आणि गजानन जागीरदारांना मुस्लिम मिर्झाची. मराठीतही मिर्झा जागीरदारांनीच केला. त्यांच्यासमोर केशवराव दाते होते. प्रेक्षकाला नट आणि पात्र दोघांची नावे माहीत होती. धर्माची खूण माणसाच्या देहावर नसते, ती पोशाखात आणि नावात असते, हे वासेट्ठ सुत्तातले सत्य त्याला पडद्यावर दिसले.

विद्यार्थ्यांनी या चित्रपटातून एक प्रश्न घ्यावा: भांडणाचा फायदा कोणाला? दोन शेजारी भांडले म्हणजे त्यांच्यात मुळात वैर होते असे आपण म्हणतो. 'शेजारी' सांगतो की वैर आधी नव्हते. कोणाला तरी जमीन हवी होती. इटियाडोहसारख्या धरणांच्या प्रदेशात राहणाऱ्यांना जमीन आणि पाणी यांचे मोल वेगळे सांगायला नको. गावात तंटा उभा राहिला की आधी हा प्रश्न विचारावा.

पाठ दुसरा : 'गर्म हवा' (१९७३)

एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' हा या अभ्यासाचा गाभा आहे. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आजमी आणि शमा झैदी यांनी पटकथा लिहिली. काळ फाळणीनंतरचा, स्थळ आग्रा. सलीम मिर्झा यांचा चपला-बुटांचा कारखाना आहे. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानला जातात. मिर्झा म्हणतात, आपण इथलेच. भूमिका बलराज साहनींची. काम संपवून थोड्याच दिवसांत, एप्रिल १९७३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मिर्झांवर कोणी तलवार घेऊन धावून येत नाही. त्यांना रोज थोडे थोडे नाकारले जाते. हवेली पाकिस्तानला गेलेल्या थोरल्या भावाच्या नावावर असल्याने सरकारजमा होते. नवे घर भाड्याने मागायला गेले की नाव विचारून दार बंद होते. भावाला हवेलीचा नकाशा पाठवला म्हणून हेरगिरीचा आरोप येतो. मुलगा पदवीधर असून नोकरी मिळत नाही.

आणि एक प्रसंग असा की तो आम्हा बँकेत काम करणाऱ्यांना विशेष टोचतो. मिर्झा कारखान्यासाठी कर्ज मागतात. वर्षानुवर्षांचा व्यवहार चोख आहे. तरी कर्ज मिळत नाही. कारण एकच: हा उद्या पाकिस्तानला पळून गेला तर? कर्ज देताना अर्जदाराची परतफेडीची क्षमता, व्यवसाय आणि मागचा व्यवहार पाहायचा असतो. येथे पाहिले गेले ते दुसऱ्याच लोकांचे वागणे, आणि त्याचा भार मिर्झांच्या खात्यावर टाकला गेला. पूर्वग्रहाची याहून नेमकी व्याख्या आम्हास सापडलेली नाही. एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकणे म्हणजे पूर्वग्रह.

ही जुनी गोष्ट आहे असेही म्हणता येत नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली सादर केलेल्या अहवालात नमूद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे कित्येक भाग कर्जपुरवठ्यासाठी प्रतिकूल क्षेत्र ठरवून ठेवले होते. म्हणजे तेथे अर्जदार कोण हे पाहण्याआधीच तो कुठे राहतो यावरून निकाल लागू शकत होता.

शेवटी मिर्झाही खचतात आणि स्टेशनकडे निघतात. वाटेत रोजगार मागणाऱ्यांचा मोर्चा लागतो. धाकटा मुलगा टांग्यातून उतरून त्यात जातो आणि मागोमाग मिर्झाही उतरतात. घर, रोजगार आणि मान या मागण्या कोणा एका धर्माच्या नाहीत, हे तेथे शब्दांवाचून कळते.

पाठ तिसरा : मुंबईची दोन घरे

सईद अख्तर मिर्झा यांचे दोन चित्रपट आपल्या राज्यातल्या मुस्लिम घरांत नेतात. 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) हा मुंबईतल्या एका भुरट्या गुंडाचा चित्रपट आहे. वर सांगितलेला तिसरा मुखवटाच तो. पण दिग्दर्शक तो मुखवटा काढून आतले घर दाखवतो. गिरणीतले काम गेलेला बाप आहे, अकाली गेलेला हुशार भाऊ आहे, लग्नाची बहीण आहे. त्याच वस्तीत उर्दू छापखान्यात मुद्रिते तपासून सरळ मार्गाने जगणारा अस्लमही आहे. एकाच गल्लीत सलीमही आहे आणि अस्लमही आहे. मग "ते लोक" म्हणताना आपण कोणाविषयी बोलतो?

'नसीम' (१९९५) मध्ये पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि तिचे आजारी आजोबा आहेत. आजोबांची भूमिका कैफी आजमींनी केली. काळ जून ते डिसेंबर १९९२. आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात आणि बाहेर वातावरण दिवसेंदिवस बिघडत जाते. ६ डिसेंबरला आजोबा जातात. आपल्यासाठी ६ डिसेंबर हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्याच तारखेला १९९२ साली अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली. एकाच दिवशी दोन घरांत दोन प्रकारचा शोक असतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

चित्र आणि शाहिरी : नाव झाकून पाहा

चित्रकलेचे उदाहरण आम्ही जवळचे घेतो. बालाघाटच्या पलीकडच्या मंडला जिल्ह्यात १९२२ साली सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात. शाळेत या मुलाचे लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणून सांगितले. रझा पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९५० साली फ्रान्सला गेले आणि जगभर नाव झाले. गुरुजींनी दाखवलेला तो ठिपका पुढे 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांत आला. फाळणीत कुटुंबातले बरेच जण पाकिस्तानला गेले, रझा गेले नाहीत. साठ वर्षे परदेशात राहूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. २०१० च्या अखेरीस ते परत आले. २०१६ साली दिल्लीत निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

अभ्यासवर्गात रझांच्या बिंदूचे छापील चित्र दाखवावे, पण सही झाकून. विद्यार्थ्यांना विचारावे की हे चित्र पाहून काय वाटते. कोणी ध्यान म्हणेल, कोणी सूर्य, कोणी बीज. नंतर नाव सांगावे आणि विचारावे: नाव कळल्यावर चित्र बदलले काय? बदलले असेल तर बदल चित्रात झाला की बघणाऱ्यात?

हाच प्रयोग शाहिरीतही करता येतो. आपल्या समाजाला जलशांची मोठी परंपरा आहे. शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जोडीने लाल बावटा कलापथकात ज्यांचा आवाज महाराष्ट्रभर घुमला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी मैदाने गाजवली, ते शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांचे ध्वनिमुद्रण नाव न सांगता ऐकवावे. ही मराठी कोणाची, असे विचारावे. मराठी भाषा एका धर्माची मालमत्ता नाही, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

टीका आणि पूर्वग्रह यांतील फरक

येथे काही वाचक विचारतील की मुस्लिम समाजातील दोषांविषयी बोलायचेच नाही काय? बोलायचे. धर्मचिकित्सा हा तर आपला वारसा आहे. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्याच्या वाढवलेल्या आवृत्तीत मुस्लिम समाजातील जातिभेद, पडदा आणि सामाजिक साचलेपण यांची त्यांनी कठोर चिकित्सा केली. परंतु त्यासाठी जनगणनेचे अहवाल आणि पुरावे समोर ठेवले, आणि हिंदू समाजाला त्याहून सौम्य माप लावले नाही.

त्या समाजातूनही असा आवाज उठला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतले चांगले कथाकार. त्यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातच जोतीराव फुल्यांचे ऋण आहे. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. त्याच वर्षी राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. तलाकानंतर पुन्हा त्याच पतीशी संसार करू पाहणाऱ्या स्त्रीला आधी दुसऱ्याशी लग्न करावे लागते, या प्रथेतला तिचा कोंडमारा शिवाजी लोटन पाटील यांनी त्यात दाखवला आहे.

मग फरक कसा ओळखावा? आम्ही तीन कसोट्या सुचवतो. टीका प्रथेवर असते, पूर्वग्रह माणसाच्या नावावर असतो. टीका पुरावा देते, पूर्वग्रह "सगळ्यांना माहीत आहे" म्हणतो. टीका करणारा तेच माप स्वतःच्या घरालाही लावतो, पूर्वग्रह बाळगणारा लावत नाही. 'हलाल' पाहून घरातल्या स्त्रीचा विचार मनात आला तर आपण टीका समजलो. "पाहा, ते असेच" एवढेच मनात आले तर चित्रपट फुकट गेला.

इतिहासाच्या दोन्ही बाजू

खोटे गोडवे गाऊन पूर्वग्रह जात नाही. म्हणून इतिहासाची दोन्ही पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दारापाशील हौदाचे पाणी वापरले, तेव्हा हौद बाटवला म्हणून तेथील मुसलमानांनी त्यांना शिव्या दिल्या. हाच तुमचा धर्म शिकवतो काय, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. पुढे किल्ल्यात पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर शिपाई देण्यात आला. हिंदूला अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानालाही अस्पृश्य असतो, हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

दुसरे पान महाडचे. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला सवर्णांनी जागा मिळू दिली नाही, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाची जागा मंडपासाठी मिळाली. तिसरे पान पुण्याचे. जोतीराव फुल्यांची शाळा सुटली होती; शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्यांपैकी कबीर विणकर जुलाह्याच्या घरी वाढले आणि जोतीरावांच्या शिक्षणाला शेजारच्या मुन्शींनी आधार दिला.

दौलताबादच्या हौदावरची माणसेही मुसलमान आणि फत्तेखानही मुसलमान. नाव एकच, वागणूक दोन टोकांची. म्हणून निकाल नावावर देता येत नाही.

अभ्यासवर्ग कसा घ्यावा?

१. चित्रपटापूर्वी प्रत्येकाने चिठ्ठीवर, आपले नाव न लिहिता, 'मुसलमान' म्हटले की मनात येणारे तीन शब्द लिहावेत. चिठ्ठ्या डब्यात ठेवाव्यात, वाचू नयेत.

२. एका बैठकीत एकच चित्रपट घ्यावा. 'गर्म हवा' मोठा आहे. तो दोन दिवसांत दाखवला तरी चालेल.

३. नंतर चर्चेत "ते लोक" हा शब्द वापरायचा नाही, पात्राचे नाव घेऊनच बोलायचे. सलीम मिर्झा असे वागले, अमिनाने असे केले.

४. शेवटी डबा उघडावा. त्या शब्दांतले किती शब्द प्रत्यक्ष ओळखीतून आले आणि किती ऐकीव, हे सर्वांनी मिळून पाहावे. कोणत्या चिठ्ठीवर कोणाचे अक्षर आहे, हे शोधू नये.

५. शक्य तेथे मुस्लिम शेजाऱ्यांनाही बोलवावे. पण त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून "तुमच्यात असे का?" असे विचारू नये. ते प्रेक्षक म्हणून आले आहेत. "तुम्ही कोणत्या धर्माचे?" याचे स्पष्टीकरण आयुष्यभर देत आलेल्या आपल्या समाजाने ही मर्यादा पाळलीच पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

अ) अलीकडे पाहिलेल्या तीन चित्रपटांतील मुस्लिम पात्रे आठवा. त्यांचा व्यवसाय काय होता? त्यांना स्वतःची इच्छा होती काय?

आ) 'शेजारी' चित्रपटातील धनिकाचे काम आज आपल्या परिसरात कोण करू शकेल?

इ) सलीम मिर्झांना नाकारले गेले तसे आपल्या घरातील कोणाला कधी नाकारले गेले काय? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

ई) भ्रमणध्वनीवर आलेला एखादा निरोप घ्या आणि कालामांना सांगितलेल्या कसोटीवर तपासा. तो कोणी पाहिले म्हणून सांगतो की कोणी ऐकले म्हणून?

समारोप

चित्रपट पाहून समाज बदलतो असा आमचा दावा नाही. चित्रपट तीन तासांत संपतो, आणि पूर्वग्रह पसरवणारे चित्रपटही निघतातच. चांगली कलाकृती एवढेच करते की नाव बाजूला ठेवून माणूस बघण्याची सवय लावते. मधुपिण्डिक सुत्ताच्या भाषेत, प्रपंच थांबवून पुन्हा स्पर्शापाशी आणते. पुढचे काम आपले आहे. ज्याच्याविषयी मत बनवले आहे त्याच्या दुकानी, त्याच्या दारी जावे, ईदला आणि बुद्ध पौर्णिमेला एकमेकांकडे जाणे-येणे ठेवावे, अडीअडचणीला धावून जावे.

अन्याय सोसलेला समाज दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, ही खात्री कोणालाही देता येत नाही. ती खात्री रोजच्या वागण्यातून कमवावी लागते. बाबासाहेबांनी आपल्याला धम्मासोबत मैत्रीही दिली आहे. ती सर्व प्राणिमात्रांसाठी आहे, यादी पाहून द्यायची नाही. आपल्या तरुणांनी ही मैत्री आधी नजरेत आणावी, मग हातात. एवढी विनंती करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.

नमो बुद्धाय! जय भीम!